भिंगरीचा अर्ज आणि माझं पोस्टर

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे आठांपैकी दोनतीन अंगं खुर्चीतच राहिली आहेत, तेवढं गोड मानून घे.) तुझे गुडघे काय म्हणतात? भाऊजींचा खोकला गेला का? तुझी लेक भिंगरी इथे माझ्याकडे मजेत आहे. प्रयोगशाळेत बर्नरवर भाजलेला हात पूर्ण बरा झाला असून त्याच हाताने ती रोज माझ्या ताटातलं उचलून खाते.

भिंगरीचं रसायनशास्त्र सोडवून तिला माझ्या कम्युनिकेशन डिझाइनच्या वर्गात घालावं, कारण चित्रं काढताना कोणी भाजत नाही, हे भाऊजींचं म्हणणं मला पटलं होतं. विषय बदलण्याचा अर्ज त्यांच्या सहीसकट माझ्या खिशात होता. शुक्रवारच्या आत तिला गोडीगुलाबीने वळवायचं आणि अर्ज कार्यालयात द्यायचा, एवढंच काम. पण नेमके त्याच आठवड्यात माझे विद्यार्थी विज्ञान विभागासाठी पोस्टर करत होते, विषय 'विज्ञानात मुलींना बरोबरीचं स्थान'. करून घेणारा मीच. (हसू नकोस. एका खिशात अर्ज आणि दुसऱ्यात घोषवाक्यं घेऊन मी चार दिवस हिंडलो आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही.)

आमच्या वर्गाची एक रीत आहे. पोस्टरं बिननावाची भिंतीवर टाचायची, बघणाऱ्यांनी मनात येईल ते बोलायचं आणि करणाऱ्याने अवाक्षर काढायचं नाही. ही रीत वीस वर्षांपूर्वी मीच घातली, अर्थात दुसऱ्यांसाठी. यंदा मला अवदसा आठवली. पोरांना कळू दे काम कशाला म्हणतात, या विचाराने मी माझंही एक पोस्टर गुपचूप टाचलं. उंच टाचांची तरुणी, पांढराशुभ्र कोट, हातात गुलाबी वाफेचा चंबू आणि नजर आभाळाकडे. मग विज्ञानाच्या मुलींना बघायला बोलावलं. त्यांत भिंगरी होतीच.

एकीला ती टूथपेस्टची जाहिरात वाटली. दुसरीने विचारलं, ही वर बघत राहिली तर हातातलं कोणावर सांडेल. माझ्याच एका विद्यार्थिनीने, करणाऱ्याचं वय पन्नाशीच्या पुढे असावं, असा अंदाज वर्तवला. (अक्षरांचं वळण 'वर्गात चहा आणू नये' या माझ्या सूचनेतलंच होतं, हे मला घरी आल्यावर सुचलं.) रीत माझीच, त्यामुळे मी तोंडात गुळणी धरून मान डोलवत वहीत टिपत होतो. शेवटी भिंगरी पुढे आली आणि म्हणाली, "हिचा कोट हिला बसतोय. म्हणजे ही आमच्यातली नाही."

'तुमचे कोट दाखव की,' असं वर्गातून कोणीतरी म्हणालं. मग सगळी वरात प्रयोगशाळेच्या भांडारात गेली. ताई, तिथे साठ कोट आहेत आणि साठही एकाच मापाचे. भांडारवाले काका धिप्पाड गृहस्थ, दारातून तिरके होऊन येतात. वीस वर्षांपूर्वी शिंप्याने माप मागितलं तेव्हा खोलीत दुसरं कोणी नव्हतं, म्हणून त्यांनी स्वतःचं दिलं, हे त्यांनी अगदी सरळपणे सांगितलं. आजवर एकाही मुलीने तक्रार केली नाही, असंही म्हणाले. तक्रारवही कुठे आहे विचारलं, तर ती सगळ्यात वरच्या फळीवर, त्यांचाच हात पोचेल अशी. भिंगरीने त्यातला एक कोट घालून दाखवला. बाही बोटांच्याही खाली वीतभर लोंबत होती. अशीच बाही त्या दिवशी बर्नरवर गेली होती. आपण मात्र तिला धांदरट ठरवून मोकळे झालो, ताई. मला तिथल्या तिथे लाज वाटली.

विद्यार्थ्यांनी सगळी पोस्टरं उतरवली (माझं सर्वांत आधी). भिंगरीची खऱ्या मापाची आकृती त्यांनी प्रयोगशाळेच्या दाराशी रंगवली, तिच्यावर त्या दिवशीचा जळक्या बाहीचा कोट टांगला आणि खाली एवढंच लिहिलं, 'चूक कोणाची?' विभागप्रमुखांनी ती बाही स्वतः मोजून पाहिली. नवे कोट मंजूर झाले आहेत, मिळतील पुढल्या वर्षी.

भाऊजींना नमस्कार सांग.

तुझा,
धाकटा

ता. क. अर्ज मी दिला नाही. मुदत काल संपली. मी विसरलो असं भाऊजींना सांग, माझ्याबद्दल त्यांना ते सहज पटेल. तुला मात्र खरं सांगतो, मी विसरलो नव्हतो.

ता. क. २. खरं काम आता सांगतो. तिला पुढल्या वर्षीपर्यंत थांबता यायचं नाही. जाड सुती कापड आणि तिची मापं सोबत पाठवतोय, तुझ्या हाताने एक कोट शिवून दे. आणि हे बघ, वाढत्या अंगाचं म्हणून बाहीत चार बोटं जास्त सोडू नकोस. मनगटाशी थांब. तिला उद्या नाही, आज काम करायचंय.

ता. क. ३. मापं सहाजणींची आहेत. भिंगरीने वर्गात सांगून टाकलंय की 'माझी आई शिवून देईल.'