'पेशन्स' बोटीनं बुडवलेली पाणबुडी

डोव्हर बंदर, ९ मार्च १९१५

वयानं, अकलेनं आणि आवाजानं माझ्याहून मोठ्या असलेल्या केझायाताईला धाकट्या एनोखचा टोपी काढून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? कोंबड्या अंडी देतात ना? इकडे आम्ही राजाच्या कृपेनं खुशाल आहोत, म्हणजे भिजलेले आहोत.

आपली मासेमारीची बोट 'पेशन्स' आरमारानं लढाईसाठी ताब्यात घेतली हे तुला ठाऊकच आहे, पण पुढचं ऐक. आधी तिला करडा रंग फासला. मग नाकावर एक तोफ बसवली (ती बहुधा आपल्या आजोबांच्याही आधी निवृत्त झालेली असावी) आणि तोफेमागे लेफ्टनंट फॅन्शॉ नावाचे साहेब बसवले. साहेबांचा पहिला हुकूम सुटला, बोटीचा मासळीचा वास घालवा. बावीस वर्षांचा वास, ताई! तीन दिवस सोडा घालून घासलं. वास जागचा हलला नाही, रंग तेवढा निघाला. (पुन्हा फासला.)

काम मात्र ओळखीचंच. जाळं सोडायचं आणि वाट बघत बसायचं. फक्त जाळं पोलादी, आणि मासा जर्मन.

गेल्या मंगळवारी दाट धुक्यात जाळ्याला असा हिसका बसला, की चहाची किटली थेट साहेबांच्या मांडीवर. साहेब "पाणबुडी!" म्हणून किंचाळले (पाणबुडीमुळे की किटलीमुळे, देव जाणे). ती तिकडे ओढते, आम्ही इकडे. असं तब्बल चार तास. शेवटी साहेबांनी तोफ डागायला लावली. खोटं कशाला सांगू, तोफेचा दोर मीच ओढला. धुक्यात काहीतरी धाडकन कोसळलं आणि पाठोपाठ अस्सल आपल्या लोस्टॉफ्टच्या बोलीत आवाज आला, "कोण रे तो गाढव? माझं धुराडं उडवलंस!"

 तो आवाज तुझ्या लग्नापासून दर नाताळला ऐकतोय मी. ओबेडदाजींची बोट 'प्रॉव्हिडन्स'! दोघांची जाळी एकमेकांत अडकलेली, आणि दाजीही आम्हाला पाणबुडी समजून चार तास ओढत होते. त्यांना खरचटलंसुद्धा नाही. गोळा डोक्यावरून दोन हात गेला. दोनच हात, ताई. तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही.

साहेबांनी मात्र वर कळवलं, की चार तासांच्या झुंजीनंतर शत्रूची पाणबुडी बुडाली, आपलं नुकसान धुराडं एक. दाजींना आणि मला पदकं जाहीर झाली.

तुझा,
एनोख

ता. क. पत्राचं खरं कारण हे. दाजी म्हणतात, "मी देवाला मानणारा माणूस. न बुडालेल्या पाणबुडीचं पदक छातीवर लावणार नाही. अ‍ॅडमिरलना जाऊन खरं सांगणार." खरं कळलं तर माझी बोट दुसऱ्याच्या हाती जाईल गं. ते जगात फक्त तुझं ऐकतात. चार खरमरीत ओळी लिही त्यांना.

आणखी एक ता. क. राहू दे. दाजी आज सकाळी जाऊन सगळं सांगूनच आले. अ‍ॅडमिरलनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बातमी पेपरात छापून आली आहे. बुडालेली पाणबुडी आता वर काढणं आरमाराला जमणार नाही." तेव्हा पदकं शनिवारी. दाजींचे रविवारी चर्चला घालायचे बूट पॉलिश करून लगेच पाठव. स्वतः मागायला लाजतायत.