जावळाविना जावळ

तलवाडा, सोमवार

प्रिय विहीणबाई विजयमालाताईंना रोहिणीचा मनापासून नमस्कार.

तुमच्याकडे कड्याला सगळे खुशाल ना? तुमचा गुडघा पायऱ्या चढू देतो का? बारशाला तुम्ही अर्ध्या ताटावरून उठलात, त्याला दहा महिने होत आले. तेव्हापासून तुमचा मला एक फोन नाही, म्हणून पत्र. (कॉन्व्हेंटात आमच्या सिस्टर सांगायच्या, माफी मागायची तर पहिल्याच ओळीत मागावी. मी निबंधातही मुद्द्यावर शेवटीच यायची.)

आपल्या नातीचं डोकं अजून धुतलेल्या वाटीसारखं आहे. माझ्या सासूबाई दानम्मांनी कांद्याचा रस चोळला. पोरगी हसत बसली, रडलो आम्ही. मग खोबरेल लावून उन्हात बसवली, तर शेजारची शेळी येऊन डोकं चाटून गेली. आता शेळी दिसली की पोरगी आपणहून डोकं पुढे करते.

शेवटी रुद्राणीला विचारलं. (तुमची लेक, आमची सून, आणि पोटातल्या बाळाच्या केसांवर संशोधन करणारी! घरातच विहीर असून आम्ही शेळीच्या भरवशावर.) ती म्हणाली, तिसऱ्या महिन्यापासून बाळाच्या कातडीचे दोन थर एकमेकांना निरोप धाडतात. खालच्याने हाक मारायची, वरच्याने ओ द्यायची, तेव्हा केसाचं मूळ बसतं. बसलं की ते एसटीत रुमाल टाकल्यासारखं शेजाऱ्यांना बजावतं, इथे मी आहे, तुम्ही जरा लांब बसा. जन्माआधीच सगळी मुळं तयार.

दानम्मा म्हणाल्या, "म्हंजे पोरीच्या डोक्यावर टपाल आलंच न्हाई म्हण की!"

"सगळं पोचलंय, आजी," रुद्राणी म्हणाली. "केसच लई आळशी हायेत."

पण मी कपिलधारच्या देवाला अकराव्या महिन्यातल्या जावळाचा नवस बोलून बसले आहे, येत्या सोमवारी. बजरंग न्हाव्याला बोलावलं, तर डोकं बघून म्हणाला, "काकू, हे आधीच कुणी करून दिलं?" काल मात्र कानामागे सात केस सापडले! दानम्मांनी लगेच त्यांच्याशेजारी तीट लावली.

रुद्राणी सहज बोलून गेली, की एका थराने ओ दिली नाही, तर दुसऱ्याने कितीही हाका मारल्या तरी तिथे काही उगवत नाही. मला तुमची फार आठवण आली.

घरातल्या थोरांना नमस्कार, लहानांना पापा.

तुमची,
रोहिणी

ता. क. जावळ मामाच्या मांडीवर काढतात, तेव्हा रवीला पाठवाच. आणि तुम्हीही या. सात केस झेलायचे, तर एकटीच्या ओंजळीवर माझा भरवसा नाही.

ता. क. दुसरा. बारशात चारचौघींत मी म्हणाले होते ना, 'हे टक्कल कड्याचं'? काल पेटीत आमच्या ह्यांचा दोन वर्षांचे असतानाचा फोटो सापडला. डोळ्यांत काजळ, आणि डोकं हुबेहूब धुतलेली वाटी. दानम्मांना दाखवला तर म्हणाल्या, "मला ठावं व्हतं. तू इचारलंच कुठं?"

चुकले, ताई. आता ओ द्या.