परत केलेला बॉक्स

मिल्डन, पेन्सिल्व्हेनिया
मंगळवार, १२ मार्च २०१९

प्रिय रोझॅन,

अनेक आशीर्वाद. तू बरी असशील. मी ठीक आहे, गुडघा तेवढा कुरकुरतो. ईस्टरपूर्वीचे उपास लागलेत, चर्चच्या तळघरात शुक्रवारी बायका बटाटा भरलेल्या पिरोगी विकतात. मीही डझनभर आणल्या. तुझ्या आईच्या हातची चव नाही, पण गिळल्या.

तुझी दोन्ही पत्रं समोर आहेत. आईच्या नाचाचं रेकॉर्डिंग पाठवा, म्हणून लिहिलेली. त्याकडे येतोच.

आधी बातमी. हवं तर हस. मी केबल बंद केलं! एकतीस वर्षं या दरीत घरोघर वायर ओढली, डोंगरावरच्या अँटेनाचा बर्फ हातोडीने फोडला, आणि आता माझ्याच भिंतीतून एक तुटकी वायर लोंबते आहे. जेरी तिकडे कोलंबसमध्ये बसून वर्षभर मागे लागला होता.

"बाबा, तुम्ही बघता तीन चॅनल आणि पैसे भरता दोनशेंचे," म्हणाला.

"आणि शनिवारचा पोल्का-नाचाचा कार्यक्रम? गावातल्या मयताच्या बातम्या? त्या तुझा बाप दाखवणार का इंटरनेटवर?"

"माझा बाप बघणार. सगळं असतं तिथे. आता काही म्हणजे काही हरवत नाही, बाबा."

तरी मी दोन महिने घोळ घातला. कागदावर दोन रकाने पाडले, फाडले, पुन्हा पाडले. मग डिसेंबरात आपलं गावचं चॅनलच बंद पडलं. पोल्का गेला, शाळेच्या मॅचेस गेल्या, रविवारची प्रार्थना गेली. म्हटलं, आता कशासाठी ठेवायचं? जेरीने टेलिफोनवाल्यांचं इंटरनेट घेऊन दिलं, आणि मी केबलच्या ऑफिसात फोन केला. तिथली पोरगी म्हणाली, टीव्हीखालचा बॉक्स कंपनीचा आहे, तीस दिवसांत आणून द्या.

तुला माझा स्वभाव माहीत आहे. बॉक्स न देणाऱ्या लोकांच्या दारात मी किती वर्षं शिव्या खाल्ल्या! मी कसला तीस दिवस थांबतोय? धूळ पुसली, वायर नीट गुंडाळून दोऱ्याने बांधली, रिमोटमध्ये नव्या बॅटऱ्या घातल्या. दुसऱ्या दिवशी नऊच्या ठोक्याला काउंटरवर हजर. "आजोबा, इतका चकचकीत बॉक्स कोणीच आणून देत नाही हो," ती पोरगी म्हणाली. मी खुशीत घरी आलो. वाटेत एक डोनटही खाल्लं.

रविवारी आईचा वाढदिवस होता. शनिवारच्या पोल्कात दाखवलेला तो नाच मी टीव्हीवर रेकॉर्ड करून ठेवला होता, पण ती गेल्यापासूनच्या सोळा महिन्यांत एकदाही लावला नव्हता. रेकॉर्डिंगच्या यादीत वरच दिसायचा, मी बटण दाबून पुढे जायचो. ठरवलं, आज बघायचा. टीव्ही लावला. शोध शोध शोधलं. शेवटी जेरीला फोन केला.

तो म्हणाला, "बाबा, रेकॉर्डिंग बॉक्समध्ये असतं. बॉक्स आहे ना घरात?"

त्याच्यावर रागावू नकोस. त्याला वाटलं मला माहीत असेल. साऱ्या गावालाही तसंच वाटेल. पण मी खांबावरचा माणूस, माझं काम भिंतीपर्यंत. बॉक्सच्या पोटात काय असतं ते मी कधी विचारलंच नाही.

काल ऑफिसात गेलो. मागे फळीवर चाळीसेक बॉक्स, सगळे काळे, सगळे सारखे. म्हटलं, "पुसलेला असेल तो माझा, मी ओळखतो." तिने नंबर बघितला. "तुमचा गेल्या बुधवारच्या ट्रकने गेला, आजोबा. तिथे गेल्यावर आतलं सगळं पुसून टाकतात." तिने मला खुर्ची दिली. मी बसलो नाही. बंद पडलेल्या चॅनलच्या लोकांकडेही जाऊन आलो. जुन्या टेपा कोणी ठेवलेल्या नाहीत.

रोझॅन, गेला तो नाच. आईचं हलतंबोलतं एवढंच होतं आपल्याकडे.

आता जे लिहायचं टाळतोय ते लिहितो. तू पहिल्यांदा मागितलंस तेव्हाच जेरी म्हणाला होता, प्रत काढणं दहा मिनिटांचं काम आहे. मी मुद्दाम काढू दिली नाही. तुला लिहिलं, घरी ये आणि बघ. आईला पुरल्यानंतरच्या जेवणात तू सगळ्यांसमोर म्हणालीस, की फिलाडेल्फियाचं मोठं हॉस्पिटल दोन तासांवर होतं आणि तुम्हाला टीव्हीसमोरून उठवलं नाही. मी म्हणालो, तू परतीचं तिकीट काढून आलीस. त्यानंतर तू आली नाहीस. वाटलं, माझ्यासाठी नाही तर त्या नाचासाठी तरी येईल. गळाला लावावा तसा मी तो लावून ठेवला होता. माझ्या बायकोचा नाच.

आणि तू म्हणालीस ते खरं होतं. ती म्हणायची, पोटात थोडं दुखतंय, आणि मी आवाज वाढवायचो.

एक विचारायचं आहे. नाही सांगितलंस तरी चालेल. फायर ब्रिगेडच्या हॉलमध्ये तुम्ही दोघी नाचत होता, तिने डोक्याला निळा रुमाल बांधला होता. निळाच ना? मला आता खात्री देता येत नाही. शेवटच्या फेरीत तिने तुझ्या कानात काहीतरी सांगितलं आणि तुम्ही दोघी खो खो हसलात. मी घरी आल्यावर आईला विचारणार होतो, काय म्हणालीस तिला. मग जेवण झालं, मॅच लागली. राहून गेलं. काय म्हणाली होती ती?

पूर्वी प्रत्येक पत्राच्या शेवटी मी 'घरी ये' लिहायचो. आज लिहीत नाही. तुला बोलवायला आता घरात माझ्याशिवाय काहीच उरलेलं नाही.

तुझा
बाबा