तुरटी फिरवलेलं पाणी

मंगळवार, संध्याकाळ

डोकं तापलंय नुसतं. नात धुळ्याला कॉलेजात गेली, तेव्हा मेहरूण तलावाच्या पाण्याची काचपेटी अन् ते भिंगाचं यंत्र माझ्या गळ्यात मारून गेली. "आजी, रोज एक थेंब बघत जा." आधी गाळच दिसायचा. मग डोळा बसला, अन् डोक्यावर चाक फिरवणारा एक किडा सापडला. रोज त्यालाच शोधायचे.

आज पाहुणे येणार म्हणून सुनेनं पेटीत तुरटी फिरवली! "बघा आई, बठ्ठी घाण खाली बसली!" बसली ना, सगळीच. भिंगाखाली आता काहीच हलत नाही. चाकवाला तर नाहीच.

नातीला फोन केला, तर हसली. "आजी, दुसरं पाणी आणू." आणेल ती. पण तो मला सापडला होता, तिला नाही.

अन् पाहुणे? मेले चहा पिऊन गेले, पेटीकडे ढुंकूनही पाहिलं नाही.