चोर फार चांगला ऐकतो

आदरणीय वहिनींना परदेशातल्या दिराचा वाकून नमस्कार. (वाकलं की पाठीत उसण भरते, पण वाकलोय असं समजा.) तुमचे गुडघे कसे आहेत? दादाचा खोकला गेला, की अजून सकाळी खोकून सगळ्या आळीला उठवतो? तुम्हा सर्वांची तब्येत ठणठणीत असावी ही मनापासून इच्छा. माझं विचाराल तर अंग बरं आहे, मन बरं नाही. मनाला काय झालंय ते पुढे येईलच. अक्षराला हसू नका. शाळेनं मला सोडलं की मी शाळेला, यावर दादाचं आणि माझं अजून एकमत नाही, पण सुटलो लवकर एवढं नक्की.

हे पत्र सुताराबरोबर पाठवतोय. आमच्या टोळीतला सुतार उद्या घरी निघालाय. तो बॅग भरताना शीळ घालतो ना, तेव्हा ती बॅग उघडून सगळे कपडे पुन्हा दोरीवर वाळत टाकावेत असं मला वाटतं. माणूस चांगला आहे, माझं त्याच्याशी काही वाकडं नाही. पण तो तुमच्या घरी येणार, खुर्चीवर बसणार, तुमची धाकटी त्याला चहा देणार आणि "साखर बरोबर आहे ना?" असं विचारणार. (धाकटी म्हणजे तुमची धाकटी बहीण. तुम्हाला ते ठाऊक आहे, पण पत्र भलत्याच्या हाती पडलं तर त्यालाही कळावं की तिचं माझ्याशी ठरत आलंय.) तेव्हा विनंती, सुताराचा चहा तुम्हीच करा. बिनसाखरेचा.

आता मुद्द्यावर येतो. तुमचा निरोप आमच्या टोळीच्या मुकादमांच्या फोनवर ऐकला. तुम्ही म्हणालात, "अहो भावजी, तुमचा फोन सदा एंगेज, म्हणून इथं बोलते. धाकटी फार खुशीत आहे हो. रोज संध्याकाळी दवाखान्यातून आली की तुमच्याशी बोलत बसते. मला म्हणाली, ताई, एवढं शांतपणे माझं कोणीच ऐकलेलं नाही. तुम्ही सुधारलात भावजी! या रविवारी होय-नाही सांगते म्हणतेय, पण चेहरा बघून मला तर होयच दिसतंय." हे ऐकताना मी शिडीवर होतो. पडलो नाही, पण शिडी पडली. कारण वहिनी, माझा फोन चोरीला जाऊन बरेच दिवस झाले.

कसा गेला ते सांगतो. त्याआधी आमचं काम समजून घ्या, कारण दादा सगळ्यांना सांगत फिरतो की मी परदेशात इंजिनियर आहे. मी गेट आणि खिडक्यांच्या जाळ्या बसवतो. आमची व्हॅन एका देशातून दुसऱ्या देशात जाते ती चोऱ्यांच्या मागोमाग. मुकादम सकाळी पेपरात आधी दरोड्यांचं पान काढतात आणि समाधानानं म्हणतात, "चला, इथं काम आहे." या सगळ्या देशांत एक भिंत असते. भिंतीच्या आत पोहायचा तलाव, त्यात पोहत कोणीच नाही, एक माणूस फक्त लांब दांड्याच्या जाळीनं पडलेली पानं मुकाट्यानं काढत असतो. भिंतीबाहेर बायका रिकामे कॅन घेऊन नळापाशी बसलेल्या. पानं काढणाऱ्याची बायको त्याच रांगेत. मी आतून तिचा कॅन बघितला आणि बाहेरून तिचा नवरा बघितला, आणि मला दोघांचाही हेवा वाटला. कारण ते दोघं एकमेकांपासून निदान भिंतीइतक्याच अंतरावर आहेत. (मला हल्ली कुणाचाही हेवा वाटतो. एका बंगल्यात कुत्र्याचा फोटो चांदीच्या चौकटीत लावलेला होता. त्या कुत्र्याचाही वाटला. त्याचा फोटो कुणीतरी बघतं.)

मधल्या एका देशात रस्त्यावर दरोडेखोरांनी व्हॅन अडवली. मी हात वर केले, सुतारानं हात वर केले, मुकादमांनी मात्र खिशातून मापाची टेप काढली. दरोडेखोरांच्या म्होरक्यानं व्हॅनमधले गज बघितले, एक वाकवून पाहिला, आणि आम्हाला लुटायचं सोडून स्वतःच्या घरी घेऊन गेला. त्याला सगळ्या खिडक्यांना जाळ्या हव्या होत्या. गल्लीत चोरांचा फार सुळसुळाट झालाय, असं त्याचं म्हणणं. त्याची बायको आमच्या मागं मागं फिरून "इथं अजून जरा जवळ जवळ लावा" असं खुणेनं सांगत होती आणि तो तिच्याकडे असं कौतुकानं बघत होता की माझ्या हातातली ड्रिल दोनदा घसरली. एवढ्या मोठ्या दरोडेखोरालासुद्धा रोज घरी जाता येतं.

तर फोन. आमच्या धंद्यात एक रीत आहे. जाळी बसवून झाली की मालकासमोर फिटरनं चोर व्हायचं. म्हणजे बाहेरून घरात शिरायचा प्रयत्न करायचा. शिरता आलं नाही तर काम पक्कं, शिरता आलं तर जिथून शिरलो तिथं आणखी गज. आणि चोर होताना खिसे रिकामे करायचे, ही मुकादमांची सक्त ताकीद. एकतर खिसा गजात अडकतो, आणि दुसरं म्हणजे मालकाला खात्री पाहिजे की भरलेल्या खिशानं कोणी बाहेर आलं नाही. तर त्या दिवशी मी गेटबाहेरच्या कट्ट्यावर रुमाल, कंगवा आणि फोन ठेवला, आणि व्हरांड्याच्या जाळीवर चढलो. वरच्या बाजूला एक फट सापडली. अंग चोरून घुसलो आणि आत धपकन पडलो. मालक खूश, मुकादम खूश, मी तर फारच खूश. मग मालकाला फोन आला म्हणून तो घरात गेला आणि फट बुजवायला गज आणायला मुकादम कोपऱ्यावरच्या व्हॅनकडे गेले.

आता मी आत. व्हरांड्याचं दार आपोआप कुलूप लागणारं, ते मीच बसवलेलं. चावी मालकापाशी. वर चढून फटीतून परत जावं तर आतून पाय ठेवायला जागा नाही. (ती मीच ठेवली नव्हती, चोराची सोय कशाला?) आणि मी असा गज धरून उभा असताना रस्त्यानं एक माणूस आला. इस्त्रीचा शर्ट, व्यवस्थित कापलेली मिशी, घाई कसली ती नाही. कट्ट्याशी थांबला. माझा कंगवा उचलून भांग पाडला. वहिनी, कंगवा परत ठेवला. फोन खिशात टाकला. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं, मी आत आणि तो बाहेर हे नीट बघून घेतलं, आणि पाहुण्यानं निरोप घ्यावा तसा हात केला.

मी "चोर! चोर!" म्हणून बोंब ठोकली. सुतार त्या दिवशी दुसऱ्या बंगल्यावर, त्यामुळे त्या सगळ्या रस्त्यात मराठी कळणारे एकटे मुकादम. ते कोपऱ्यावरून ओरडले, "शाब्बास! असंच ओरड, मालकाला बरं वाटतं!"

त्या दिवशी मुकादमांच्या फोनवरून माझा नंबर लावला तर बंद. दुसऱ्या दिवशी आमची व्हॅन पुढच्या देशात. मला वाटलं, विषय संपला. फोन जुना, काच तडकलेली, चोराला त्याच्या बदल्यात कोणी चहासुद्धा पाजणार नाही. वाईट वाटलं ते फक्त फोटोचं. धाकटी दवाखान्याच्या खिडकीत बसून पेशंटना नंबर देतेय तो फोटो. माझ्याकडे तेवढा एकच होता. आणि तुम्हाला मी कळवलं नाही, कारण दादा म्हणाला असता, "दुसऱ्याच्या घरांना कुलपं लावतो आणि स्वतःचा फोन सांभाळता येत नाही." (आता म्हणेलच. हे पान त्याला वाचून दाखवू नका.)

आणि आता कळतंय की तो इस्त्रीच्या शर्टवाला चोर रोज संध्याकाळी माझ्या होणाऱ्या बायकोशी बोलतोय! बोलतोय कसला, ऐकतोय. त्याला मराठीचं अक्षर कळत नाही, म्हणून ऐकतो, त्यात काय मोठेपणा? मला कळतं, म्हणून मी मध्ये बोलतो. समजणाऱ्या माणसाचं हे असं होतं. ती म्हणायची, "अहो, आज एक आजी आल्या होत्या," की मी म्हणायचो, आजीवरून आठवलं, आमच्या इथं एक गेट आहे. मग गेट संपेपर्यंत तिची आजी घरी गेलेली असायची. तुम्ही मला समजावलं होतं, "भावजी, ती दिवसभर लोकांची दुखणी ऐकते, संध्याकाळी तिचं कुणीतरी ऐकायला नको?" मी म्हटलं होतं, हो ना, आणि दुखण्यावरून आठवलं. तेव्हाच तुम्ही फोन ठेवला होता.

आता माझी अवस्था बघा. खरं सांगावं तर रविवारचा होकार बुडतो. आणि गप्प बसावं तर होकार मिळतो मला, पण मिळवलेला चोरानं. मी मांडवात उभा राहणार आणि तिच्या मनात तो मुकाट ऐकून "हं" म्हणणारा माणूस. लग्नानंतर मी पहिल्यांदा तोंड उघडलं की तिला कळणार, हा तो नव्हे! मी भिंतीला डोकं टेकून विचार केला. गज कापताना विचार केला. एक गज आखूड कापला. मुकादम म्हणाले, "लक्ष कुठं आहे तुझं?" मी सगळं सांगितलं तर ते हसत हसत व्हॅनमध्ये जाऊन बसले आणि आतून दार लावून घेतलं.

शेवटी ठरवलं. खरं ते खरं. वहिनी, तुम्ही धाकटीला सांगा की फोनवर मी नाही, चोर आहे, आणि तिनं मला एक संधी द्यावी. मी पानं काढणाऱ्या माणसासारखा गप्प राहीन. मोठ्यांना नमस्कार, लहानांना पाठीत धपाटा, दादाला खोकल्याचं औषध.

तुमचाच दीर,
भिंगरी
(घरातल्यांनी ठेवलेलं नाव आता इथंही पडलंय. सुतारानं सांगितलं सगळ्यांना. त्याला चहासुद्धा देऊ नका.)

ता. क. : वरचं काही सांगू नका. रात्रभर झोप नाही. रविवारपर्यंत चोरालाच ऐकू दे. होकार आला की मी नवा फोन घेतो आणि "हं" म्हणायची सवय करतो. आत्ताच सुतारावर करून बघितली. तो त्याच्या मेहुण्याच्या घराचं बोलत होता, मी फक्त "हं" म्हणत होतो. त्यानं विचारलं, "ताप आलाय का?"

ता. क. दुसरा : सुताराची बॅग बांधून होतेय तेवढ्यात घाईनं लिहितो. राहवलं नाही. मुकादमांच्या फोनवरून पुन्हा माझा नंबर लावला. उचलला! आणि वहिनी, पलीकडून काय आवाज आला असेल? "हं. मग?" चक्क मराठीत! तिनंच शिकवलेलं. मला शिव्या द्यायच्या होत्या, पाठ करून ठेवल्या होत्या. पण "मग?" म्हटल्यावर माझं तोंड सुटलं. मी त्याला कंगव्याचं सांगितलं, फोटोचं सांगितलं, आई गेल्यावर तुम्ही मला जेवायला वाढायचात ते सांगितलं, इथं जेवताना कोणी "अजून वाढू का?" असं विचारत नाही ते सांगितलं. तो मध्ये मध्ये "हं" म्हणायचा. बरोबर ठिकाणी म्हणायचा हो! मुकादमांनी बाजूला खुणा केल्या, पुरे, पुरे, मी थांबलोच नाही. खरं सांगतो, मन हलकं झालं. मेला खरंच फार चांगला ऐकतो.

मग मुकादमांनी फोन घेतला, त्यांना त्याची भाषा येते. चोर म्हणाला, फोन कोणी विकत घेईना, म्हणून स्वतःपाशीच राहू दिला. ती बाई पहिल्या दिवशी खूप ओरडली, मग रडली, मग बोलायला लागली, तेव्हा ठेवून कसा देणार? आणि त्यानं मुकादमांना एक गोष्ट विचारली. म्हणाला, ती दर दोन वाक्यांनी एक शब्द म्हणते, कधी चिडून म्हणते, कधी हसून. "भिंगरी" म्हणजे काय?

वहिनी, ती मला तोंडावर कधी भिंगरी म्हणालेली नाही. मला ती "अहो" म्हणते. म्हणजे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे की फोनवर मी नाही. आणि रोज बसून त्या इस्त्रीवाल्याला ती माझंच सांगतेय! काय सांगतेय? त्याला कळत नाही आणि मला ऐकू येत नाही. तर आता खरं काम सांगतो, त्यासाठीच हे पत्र. ती फोनवर बोलायला बसली की तुम्ही दाराआड उभ्या राहा आणि भिंगरीच्या पुढचं-मागचं सगळं ऐकून कळवा. चोरून ऐकलं तरी चालेल. चोरीचाच फोन आहे.

ता. क. तिसरा : सुतार दारात उभा आहे, चिडलाय. तिनं चिडून म्हटलेलं पण कळवा. आणि फोन परत मागणार नाही असं चोराला सांगायचं होतं, म्हणून आता परत लावला. एंगेज आहे.