आईचा भांग

ताई,

तिसऱ्यांदा विग परत पाठवलास. हद्द झाली तुझी! लिंबाएवढं बाहुलीचं डोकं, त्यावर एकेक बट सुईने शिवायची, मग अंबाडा घालायचा. आठ-आठ दिवस मान मोडून बसते मी. आणि तुझी चिठ्ठी काय, तर "आईचा भांग असा नव्हता." लेकीच्या बाहुलीला आजीसारखे केस हवेत म्हणून गळ तूच घातली होतीस ना?

भांग डावीकडेच होता, मला काय सांगतेस! तुझं तोंड बंद करायला आज आईचा जुना फोटो शोधून काढला.

भांग उजवीकडे.

मग लक्षात आलं. मला आठवते ती आरशातली आई. शाळेच्या वेळी ती मागे उभी राहून माझी वेणी घालायची, तेव्हा मी तिला आरशात बघायचे. त्यानंतर तिच्याकडे नीट बघितलंच कुठे? शेवटची दोन वर्षं तिच्यासमोर बसून तिचे केस तू विंचरलेस. मी नुसते फोन करायचे.

हे तुझ्याजवळ कबूल करणं जिवावर येतं, म्हणून पत्र खणातच राहील. चौथा विग करायला घेतलाय, तो तेवढा पाठवीन. भांग उजवीकडे काढलाय. समोरून, नीट बघून.

तुझी,
धाकटी