मोटरीला एकच नंबर

११ एप्रिल
फोनवर रोज ती पाटी येते. अपडेट करा. आता की नंतर. तीन आठवडे ‘नंतर’ दाबत होते. आज दहाला मोटर लावायची घाई, आणि पाटी बरोबर मोटरीच्या नंबरावर येऊन बसली. हलेचना. चिडून ‘आता’ दाबलं. फोन काळा. मग एक चाक फिरत राहिलं, पाऊण तास.
मोटर पावणेअकराला लागली. केळीला पाऊण तास उशीर. ऊन भलतं.

१२ एप्रिल
फोन चालतो, पण आजारातून उठल्यासारखा. शेतातल्या मोटरीच्या स्टार्टरात सिम आहे, त्याला फोन लावला. स्टार्टरातली बाई नेहमीसारखी म्हणाली, चालू करायला एक दाबा, बंद करायला दोन दाबा. मी एक दाबला. बोट दाबलेलं, आकडा उमटेना. बाई दोनदा बोलून गप्प झाली, फोन ठेवून दिला. चौथ्या वेळेला जमलं. इथे बऱ्हाणपुरात ओट्यावर बसून शाहपूरची विहीर चालवते म्हणून सगळ्या गल्लीत माझं नाव, आणि आज बोट आपटत बसले.
सकाळी बॅटरी १००. अकराला ६२. दोनला २०. हाच फोन आधी दोन दिवस जायचा.

१३ एप्रिल, रवि.
माझा दिलीप मास्तर, शाळा बंद म्हणून घरात होता. फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. म्हणाला, तव्यासारखा तापलाय. अपडेट कोणी केलं?
मी म्हटलं, मला काय विचारतोस, घरात बोटं काय कमी आहेत.
त्याने बायकोकडे, वैशालीकडे पाहिलं. ती कणीक मळत होती, मळतच राहिली. मीही पुढे बोलले नाही.
मग त्याने आपलं जुनं काढलं. आई, फोन सांभाळला जात नाही, शेत काय सांभाळशील. शेजारच्या बांधावरच्या भास्करला बटाईने दे, निम्मं पीक घरी येईल, तू निवांत. दिवाळीपासून हेच. म्हटलं, अखाजी येऊ दे, अक्षय्य तृतीया. शेताचं वर्ष अखाजीला बदलतं, त्याआधी माझ्या तोंडून काही निघणार नाही.
निवांत म्हणे. निवांत माणसं फोटोत असतात, हार घालून.

१५ एप्रिल
पूर्वा कॉलेजातून आली, फोन घेऊन बसली. नात हुशार आहे, पण अर्धं हिंदी बोलते. ‘आजी, ये बॅकग्राउंड में सब चल रहा है, बंद करते.’ पन्नास गोष्टी बंद केल्या. मी म्हटलं, एवढ्या चालू होत्या तर मला एकही कशी नाही दिसली. उजेड कमी केला. पडदा काळा केला, म्हणे बॅटरी वाचते. आता काळ्यावर पांढरी अक्षरं. फोन सुतकात बसल्यासारखा.
दोनला १७. म्हणजे तीन टक्के अजून कमी. नंतर मी उजेड वाढवला. दिसत नसेल तर वाचवलेल्या बॅटरीचं काय लोणचं घालू.

१७ एप्रिल
चौकातल्या इम्रानच्या दुकानात गेले. त्याने मागचं झाकण उघडलं, नाक जवळ नेलं, जसं दूध नासलंय का बघतात. ‘अम्मा, बॅटरी बूढी हो गई है. उपर से नया सॉफ्टवेअर, वजन ज्यादा है.’ मी म्हटलं, म्हातारी झाली म्हणून ओझं कमी करायचं असतं का वाढवायचं. तो हसला. म्हणाला, काही दिवस थांबा, कधी कधी अपडेट आपोआप बसतं जागेवर. नाहीतर बॅटरी बदलू. ह्या मॉडेलची इंदूरहून मागवावी लागेल.
मागव म्हटलं. जुनं अपडेट परत घालता येतं का? नाही म्हणाला. ‘पीछे नहीं जाता, अम्मा.’
दुकानात पंखा होता म्हणून थोडं बसले. घरी यायला रिक्षा केली नाही. ह्या उन्हात चालत आले, तेच चुकलं.

१९ एप्रिल
तीन दिवसांचं:
परवा दोनला १९. काल १६. आज एकलाच १४.
जागेवर बसतं म्हणे. उठतंय कुठे.
आता मी फोन फक्त दहाला आणि बाराला घेते. मधे हात लावत नाही. बहिणीचा फोन आला, उचलला नाही. तिच्या गुडघ्यांना पाच टक्के लागतात, जावयाला दहा.

२० एप्रिल, रवि.
दिलीप म्हणाला, स्टार्टरमध्ये चार नंबर बसतात, माझा टाकून देतो. कधी तुझा बंद पडला तर मी लावेन. बोलला चांगलंच. पण चार महिन्यांनी काय होईल ते मला आज दिसतं. तो शाळेतून मोटर लावणार, मग कधी लावायची तोच ठरवणार, मग भास्करला विचारून ठरवणार, आणि मी ओट्यावर बसून लसूण सोलणार.
स्टार्टर घेतला तेव्हाही त्या मेकॅनिकला सांगितलं होतं, एकच नंबर घाल. माझा. हे गेले त्याला सहा वर्षं झाली, शेतात माझ्या सांगण्याशिवाय पाण्याचा थेंब पडलेला नाही.
दिलीपला म्हटलं, तुझ्या फोनवर पोरांचे पालक बोलतात, त्यात मोटर कुठे घालतोस.

२१ एप्रिल
रामसिंग आला होता, आमचा सालदार, वर्षाच्या बोलीवरचा गडी. शेतातच राहतो, बायको जमना आणि तो. जमनाच्या बहिणीचं लग्न देडतलाईला, पाच दिवस जायचं म्हणतो. दोघं. मी म्हटलं, एप्रिलात लग्न कोण काढतं. तो म्हणाला, सगळेच काढतात, माय. खरं आहे.
जा म्हटलं. ठिबकचे दोन्ही वाल अर्धे उघडे ठेवून जा, मी इथून लावते. विहिरीला आता दोन तासांचंच पाणी आहे, दहाला लावायची, बाराला बंद. त्यापुढे मोटर सुक्यात फिरते आणि जळते. सुक्यात आपोआप बंद व्हायचं ते त्यात नाही, तेव्हा स्वस्तातलं घेतलं.
तो म्हणाला, माय, फोन बराबर चलतो ना?
म्हटलं, तू नाचून ये.

२३ एप्रिल
लावली १०.०५. बंद १२.००. बॅटरी बाराला २६. जमलं. उगीच सगळे घाबरवतात.

२४ एप्रिल
आजचं अक्षर बघा कसं.
घराची लाईट सकाळी सहापासून नाही, खांबाचं काम. रात्री चार्जिंगला लावलेला फोन सकाळी ६४ वर होता, पिन नीट बसली नव्हती. शेताची लाईट वेगळी, ती चालू. दहाला मोटर लावली. त्यात फोन अडकला, त्याला ढकलता ढकलता ५१. अकराला ३३. फोन ओल्या फडक्यात गुंडाळून माठाजवळ ठेवला. साडेअकराला उघडून पाहिला तर ९. बंद करायला नंबर लावला. बाई म्हणाली, चालू करायला एक दाबा, बंद करायला, आणि फोन मेला. पुढचं तिच्या तोंडात राहिलं.
तिकडे मोटर चालू. रामसिंग देडतलाईत. पूर्वा तिचं ते चार्जिंगचं डबडं घेऊन कॉलेजात.
वैशालीला सांगावं लागलं. ती म्हणाली, ह्यांना फोन करते, ते भास्करभाऊंना सांगतील, बांधाला बांध आहे, दोन मिनिटांत बंद करतील. मी म्हटलं, नको.
‘आई, मोटर जळेल.’
‘जळू दे.’
खरंच तोंडातून निघालं. सहा दिवस राहिले अखाजीला, आणि भास्कर माझ्या विहिरीवर जाऊन माझी मोटर बंद करणार. मग बटाईचं बोलायचं तरी काय उरलं. बारा वाजून गेले होते. मग तिने कानातलं काढलं. मला वाटलं, चिडली, आता काहीतरी फेकणार. तिने कानातल्याच्या टोकाने माझ्या फोनच्या कडेला भोसकलं, सिम बाहेर काढलं, स्वतःच्या फोनात घातलं. मोटरीचा नंबर ह्या वहीच्या पुठ्ठ्यावर लिहिलाय, तो मी वाचला, तिने दाबला. पहिल्यांदा घाईत मी तीनच्या जागी आठ वाचलं. कोणी माणूस बोलला. दुसऱ्यांदा बाई बोलली.
मोटर बंद झाली आहे. १२.४०.
चाळीस मिनिटं. किती वेळ पाण्यात, किती सुक्यात, देव जाणे.
दिलीप घरी आला तेव्हा ती काही बोलली नाही. मीही नाही.

२५ एप्रिल
सकाळच्या बसने शाहपूर. तिथून शेतात चालत. स्टार्टरचं बटण हाताने दाबलं. आधी नुसता आवाज. मी विहिरीच्या कठड्याला धरून उभी. मग पाइपाला झटका बसला आणि पाणी आलं, गढूळ, मग चांगलं. चालते. पण आवाज पहिलेचा नाही. दम्याचा माणूस जिना चढल्यासारखा.
केळीची पानं उतरलेली, पण घड धरून आहेत. दीड तासात बंद केली, बसवत नव्हतं.
भास्कर बांधावरून बोलला, काकू, ह्या उन्हात तुम्ही कशाला? मला सांगायचं. म्हटलं, पाय मोकळे करायला आले.

२६ एप्रिल
पुन्हा बसने गेले. गुडघा सुजला. घरी सांगितलं, मंदिरात.

२७ एप्रिल, रवि.
शेतात गेले तर रामसिंग परतलेला, एक दिवस उशिरा. मोटर लावून कान लावला, मग मला जमनाच्या हाताने चहा दिला आणि म्हणाला, ‘माय, ही सुखी चालली.’
मी चहा प्यायले.
तो म्हणाला, बेरिंग बोलते, हा महिना काढेल, पुढचं सांगता येत नाही. मग मान खाली घालून दुसरं बोलला. अखाजीला साल संपतं. भास्करभाऊचा स्वतःचा गडी आहे. शेत तिकडे गेलं तर आम्हाला आत्ताच दुसरीकडे शब्द टाकावा लागेल, अखाजीनंतर कोणी सालदार ठेवत नाही. काय समजू?
मी म्हटलं, तीन दिवस थांब. तो ‘हो’ म्हणाला. पण जमनाने भांडी आवरून एका जागी ठेवलेली पाहिली.

२८ एप्रिल
इम्रानकडे. बॅटरी खंडव्यात अडकलीय. ‘परसों, अम्मा.’ त्याचं परसों म्हणजे पुढचा सोमवार.
फोन आज साडेबाराला गेला. मी मोटर आधीच बंद केली होती.
दिलीपने सांगितलं, भास्कर अखाजीला सकाळी साडेनऊला पानसुपारीला येतोय, काय ते समोरासमोर बोलून घेऊ. मी म्हटलं, पानसुपारी कशाला, शेत काय लग्नाचं आहे.

२९ एप्रिल
रात्री नीट झोप नाही. सरळ हिशेब आहे. माझा फोन कधी पडेल भरवसा नाही, नवी बॅटरी आली तरी हे अपडेट मागे जात नाही. दुसरा नंबर स्टार्टरात पाहिजेच. दिलीपचा नाही. रामसिंगचा नको, तो उद्या इथे असेल का माहीत नाही. आणि त्या दिवशी सिम काढून जिने मोटर बंद केली तिला काही शिकवावं लागलं नाही.
दुपारी वैशाली आंबे पिळत होती. मी म्हटलं, मोटरीत तुझा नंबर घालू. मी नसेन तेव्हा तू लावायची. दिलीपला द्यायचा नाही.
ती म्हणाली, नको.
का म्हटलं. तिने कोय पिळून बाजूला ठेवली, हात पुसले नाहीत. ‘उद्या मोटर जळाली तर तेही मीच केलं होईल.’
मला कळलं ती कशाबद्दल बोलतेय. आपल्या तोंडाने बोलायला जीभ जड होते, पण बोलले. ते अपडेट मी दाबलं होतं.
‘माहीत आहे. मी दारातून बघत होते.’
म्हणजे दोन आठवडे ती गप्प बसून माझं ऐकत होती. मी तिच्या जागी असते तर पहिल्याच दिवशी गल्ली गोळा केली असती.
मग म्हणाली, ‘नंबर घाला. पण आधी ह्यांच्यासमोर सांगा. भास्करभाऊ असतील तेव्हाच सांगा.’
मी उठले. रस फार चांगला होता, आणि मी तो खाल्ला नाही.

३० एप्रिल, अखाजी
ह्यांच्या नावाची घागर भरली. वैशालीने सांजोऱ्या केल्या, मी कडा दुमडल्या. आम्ही दोघी एका ताटावर.
बॅटरी ९१. रामसिंगाचा सकाळीच फोन आला, माय, काय ठरलं. म्हटलं, दहाला मोटर लागली तर समज.
विचार करतेय. सांगितलं की मी स्वतः दाबलं, तर दिलीप म्हणणार, बघ, हेच म्हणत होतो, आणि लावलं वैशालीवर. भास्कर मान हलवणार. समोरच्याच्या हातात पानसुपारी, आणि मी आपल्या तोंडाने सांगणार की माझं बोट चुकलं, आणि जीभही. आणि चोविसाव्या तारखेचं विचारलं तर? तेही सांगावं लागेल. नाही सांगितलं तर स्टार्टरात एकच नंबर, आणि तो ह्या तव्यात.
तोंड उघडलं तर शेत जाईल. मिटलं तर मोटर जाईल, मग शेत जाईल. भास्करला घाई कशाची.
९.३५. भास्करची गाडी दारात थांबली. वैशाली पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर गेली आणि परत आली नाही, तिथेच दाराशी उभी राहिली आहे, इथून तिची पाठ दिसते. दिलीप हाका मारतोय. आई, ये ना.
फोन बॅटरी वाचवायला बंद करून ठेवलाय. आता बटण दाबते. चालू व्हायला त्याला चार मिनिटं लागतात, तेवढ्यात बोट कोणाचं होतं ते सांगून होईल.